शेवटच्या डावाचे खलासभाऊ

रियाधच्या उकाड्यातही खलासभाऊ उजव्या खांद्याला लोकरी मफलर गुंडाळून बसत. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या वसाहतीच्या मैदानावर सात डावांचा बेसबॉल चाले. पैकी सहा डाव ते खुर्चीतून हलत नसत. सातव्याला मफलर सोडत, चेंडू घेत आणि सामना संपवत. म्हणून हे नाव. एरवी ते शहरातल्या ओलाया भागात एका बँकेत संगणक सांभाळत. मूळचे कुडाळचे, माझे शेजारी.

मी गुणलेखक, म्हणून त्यांच्या यशाचे गणित मला ठाऊक होते. सुरुवातीचे डाव आमचा फिलिपिनो कप्तान रेमन टाकायचा. त्याचा चेंडू फलंदाजापर्यंत यायला जवळजवळ पाऊण सेकंद लागे. तासदीड तासात डोळ्यांना तीच सवय लागे. मग खलासभाऊंचा चेंडू जेमतेम अर्ध्या सेकंदात येई. बॅट फिरेपर्यंत तो यष्टिरक्षकासारख्या मागे बसलेल्या कॅचरच्या हातात असे. धिप्पाड अमेरिकन इंजिनिअरसुद्धा हवेत बॅट फिरवून हसत परतत.

त्यांना आधीचा डाव दिला, तर ते नाही म्हणत. "मी शेवटच्या पंगतीचा वाढपी. तोवर हात पुसून बसायचं."

नोकरी संपून कायमचे गावी जायचे ठरले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकच इच्छा बोलून दाखवली. जाण्याआधीच्या सामन्यात शेवटचा डाव नेहमीसारखा त्यांचा असावा.

त्या शुक्रवारी दहाबारा मराठी कुटुंबे आली. खलासभाऊंच्या पत्नी, आमच्या वहिनीही आल्या, त्या मैदानावर प्रथमच. नारळ, शाल झाले. वहिनींनी रेमनला हिंदीत सांगितले की आज यांना पहिला डाव द्या, मानाचा; शेवटचा तर यांचाच आहे. क्रिकेट पाहिलेल्या आम्हा सगळ्यांना ते रास्त वाटले. रेमनने चमकून खलासभाऊंकडे पाहिले. ते म्हणाले, "भाभी बोल रही है ना? यल्ला, चलो."

पहिल्या डावात फलंदाजांचे डोळे ताजे होते. संथ चेंडूची सवय लागलेली नव्हती. खलासभाऊंनी नेहमीचाच जोर लावला आणि तीन धावा दिल्या. मग ते बाहेर बसले आणि रेमन आला.

सातव्या डावाला आम्ही एका धावेने पुढे होतो. मुले खलासभाऊंचे नाव घेऊन ओरडू लागली. रेमनने दुसऱ्याच पोराला बोलावले.

वहिनींनी विचारले, "अहो, तुम्हाला का नाही बोलवत?"

"एकदा बाहेर काढलेला खेळाडू परत घेत नाहीत. इथला नियम आहे."

वहिनी म्हणाल्या, "मग मघाशीच का नाही सांगितलंत?"

"इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा आलीस," ते मफलरची घडी घालत म्हणाले. "लग्नातसुद्धा अक्षता पडल्या की निघतेस. शेवटच्या डावापर्यंत थांबशील याची मला कुठे खात्री होती?"

आम्ही हसलो. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी आपली खुर्ची खलासभाऊंच्या खुर्चीला लावली आणि विचारले, "आता या पोराने कुठे टाकायला हवा?"

ते सांगत गेले, त्या पाहत राहिल्या. सामना आम्ही एका धावेने हरलो. बाकीची कुटुंबे केव्हाच निघून गेली होती. वहिनी शेवटचा चेंडू पडेपर्यंत बसून होत्या.