नमनातली मावशी

पथनाट्यासाठी तोंडाला सफेदा फासला, आणि त्या वासाने आमच्या गावचा परशा आठवला. आज तो नावाजलेला विनोदवीर आहे. मुंबईत दोन फ्लॅट, लांबलचक गाडी, आणि विनोद फक्त बायकोवर नि ट्रॅफिकवर. तो विकला गेला, असं मी भाषणांतून बेधडक सांगतो.

मी कॉलेजात होतो तेव्हा शिमग्याच्या नमनात, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्यात, मावशीचं सोंग त्याचंच असे. मावशीने कुणालाही टोचावं, कुणी रागवायचं नाही, ही आमची रीत. त्या वर्षी परशा लुगडं सावरत, पाहुणे म्हणून आलेल्या गावाजवळच्या रसायन कंपनीच्या साहेबांसमोर गेला. "सायेब, तुमच्या पाण्यानं आमचे मासे पोट वर करून झोपलेत. उठवायला कधी येताव?"

गाव पोट धरून हसला. मीही हसलो. त्याची आई तेवढी हसली नाही.

"मेल्या, त्यांच्याच कंपनीत कामाला हायस ना!"

"आये, नमनात कोण रागावतो गो?"

साहेब परगावचे, त्यांना कसली रीत? दुसऱ्याच दिवशी परशाला गेटवरून परत पाठवलं. आठवड्याभरात त्याने मुंबई गाठली.

हसायला अख्खा गाव होता. त्या गेटवर त्याच्या बाजूने बोलायला मात्र आमच्यातला एकही गेला नाही. मीसुद्धा नाही.