कौसाबाईंची मजुरी

तापलेल्या लोखंडाला एक वास असतो. तुरट, जिभेवर उतरणारा. जालन्याच्या एमआयडीसीत रात्रपाळी सुटली की तो माणसांच्या कपड्यांतून बाहेर पडतो आणि थेट माझ्या खानावळीच्या बाकावर येऊन बसतो. सळयांच्या कारखान्यात घामानं निथळलेली ती माणसं हात धुतात, मान खाली घालतात, आणि पहिली गरम भाकरी ताटात पडेपर्यंत कुणी चकार शब्द काढत नाही. श्रमानंतरची ती निःशब्दता किती निर्मळ असते! कुठल्याही देवळात मला ती तशी भेटलेली नाही.

टेंभुर्णीहून लग्न होऊन आले तेव्हा माझ्याजवळ मराठीची पदवी होती. पदवीनं नोकरी दिली नाही, म्हणून पत्र्याच्या दोन खोल्यांत ही खानावळ थाटली. तिचा प्राण म्हणजे कौसाबाईंच्या ज्वारीच्या भाकऱ्या. कौसाबाई माझ्याहून वयानं मोठ्या, अंगानं काटक. त्यांच्या जोडीला भाज्या चिरणारी आणि भांडी घासणारी रंजना. दोघी माझ्याकडे मजुरीनं.

एके सकाळी जेवणाऱ्यांत आनंदाची कुजबुज होती. किमान वेतन वाढलं होतं, आणि त्यांच्या कारखान्यानं ते द्यायचं कबूलही केलं होतं. मलाही हर्ष झाला. कामगाराचा खिसा सैल झाला की माझ्या पातेल्याचा तळ लवकर दिसतो, हे माझं साधं अर्थशास्त्र! त्या भरात मी सगळ्यांना फुकट शिरा वाढला. पंगत उठली, तशा कौसाबाई पिठाच्या हातांनी माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“ताई, त्यांचं वाढलं म्हून शिरा केला. आमचं कवा वाढनार?”

सरकारी दर त्यांनाही लागू होता, आणि मी देत होते तो त्याहून बराच कमी होता. पण माझी कमाई तरी केवढी? गॅस, किराणा, पत्र्याच्या खोल्यांचं भाडं. पाणी डोळ्यांत येईल एवढंच हातात उरायचं.

शेजारचे हॉटेलवाले भानुदासराव यांच्याजवळ तोडगा तयार होता. “वहिनी, एकीला कमी करा, दुसरीला वाढवा. खर्चा बराबर बसतो.” किती सरळ, किती शहाणपणाचं! मी तो तोडगा कौसाबाईंना आडपडदा न ठेवता सांगितला. त्यांनी परातीतला हात काढला नाही.

“रंजनाच्या ताटातलं काढून मला वाढू नका, ताई. तसलं वाढलेलं मला गिळायचं न्हाई.”

आपल्या भाषेत ‘वाढणं’ म्हणजे मोठं होणं आणि ‘वाढणं’ म्हणजे दुसऱ्याच्या ताटात घालणं. हे दोन अर्थ एकाच शब्दात कुणी आणि का बरं ठेवले असतील? मी भाषेची विद्यार्थिनी. तरी हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत पडला नव्हता.

मी ठरवलं. दोघींना सरकारी दर, पाळीपाळीनं आठवड्याला एक सुट्टी. त्यासाठी थाळीचा भाव वाढवला आणि का वाढवला ते भिंतीवर खडूनं लिहिलं. काहींनी वाचलं आणि मान डोलावली. काही वाचून शेजारी जेवायला गेले.

मग भानुदासराव ओळीतल्या दोन-तीन हॉटेलवाल्यांना घेऊन आले. “वहिनी, तुम्ही सगळ्या लाईनीचा भाव बिघडवून राह्यले. उद्या आमची मानसं बी मागतील.”

“मागू द्या की, भाऊ,” मी म्हटलं. “माणूस उपाशी ठेवून स्वस्त केलेली थाळी मला विकायची नाही. खानावळ बंद पडली तर पडू द्या. पडेल ती मी ठरवलेल्या भावानं पडेल.”

आवाज चढला होता माझा. चढू दे! दुबळ्यांच्या मजुरीची गोष्ट निघाली की सगळ्यांना हळू बोलण्याचा उपदेश का सुचतो?

पुढचे महिने कठीण गेले. नवा फ्रिज राहून गेला. संध्याकाळी निम्मी बाकं रिकामी असत. हळूहळू बरीच माणसं परतली, सगळी नाही. सरकारी दर परवडेना म्हणून कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं आपला एकुलता एक गडी कमी केला. आता तो स्वतःच कपबशा विसळतो. कायद्याचं ओझं सर्वांना सारखं पेलतं, असं मी कुणाच्या तोंडावर म्हणणार नाही. लहान धंद्याला हात द्या, भाडं आणि वीज त्याच्या आवाक्यात आणा, जरूर आणा. पण त्याला तरता यावं म्हणून भाकरी थापणारं मनगट बुडवू नका. एवढा एक हट्ट मी सोडणार नाही.

एका रविवारी, सुट्टीच्या दिवशी, कौसाबाई आपल्या लेकीला घेऊन आल्या. धुतलेली इस्त्रीची साडी, केसांत अबोली. मला वाटलं, गर्दी पाहून मदतीला आल्या. एरवी चुलीपाशी उकिडव्या बसून जेवणारी ही बाई सरळ आत आली आणि बाकावर बसली.

“आज काम न्हाई करायचं, ताई. दोन थाळ्या आना. पैसे देऊन जेवनार.”

भाकऱ्या त्या दिवशी माझ्या हातच्या होत्या. मी ताट मांडलं. कौसाबाईंनी भाकरी मोडली, मधला भाग बोटानं दाबून पाहिला आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

“मधी कच्ची राह्यली. दुसरी आना.”

सगळ्या बाकांवर एकदम हशा उसळला. लेक लाजली. कौसाबाई नाही लाजल्या. जेवणाऱ्या माणसानं पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ती भाकरी उचलली आणि तव्याकडे वळले. गोळा हातात घेतला, पीठ भुरभुरलं, घाईनं थापायला लागले, तोच मागून त्यांचा आवाज आला.

“जल्दी न्हाई, ताई. नीट भाजू द्या.”