पोस्टरवरच्या वहिनी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सत्कारात तर नाहीच — तिथे शाल-नारळ हातात असतो आणि लोक कौतुक ऐकायला आलेले असतात.

देश नवा होता. सरकारला सगळंच नव्यानं काढून हवं होतं — बोधचिन्हं, तिकिटं, भिंतींवरची चित्रं. अशी कामं घेणाऱ्या पुण्यातल्या एका कचेरीत मी चित्रकार होतो. प्रौढ साक्षरतेचं पोस्टर माझ्याकडे आलं. हातात पाटी घेतलेली बाई, खाली एक ओळ. साहेब म्हणाले, "घरची वाटली पाहिजे. कॅलेंडरवरची देवी नको."

घरची? मला घर कुठे होतं? बुधवार पेठेत एक खोली, आणि दोन्ही वेळा वहिनींची खानावळ. आम्ही सगळे जेवणारे त्यांना वहिनीच म्हणायचो. तिशीतल्या विधवा, दिरांच्या घरात राहून दहा जणांना रांधून वाढायच्या. मला त्या आवडत होत्या — हे लिहायलाही मला म्हातारं व्हावं लागलं.

मी त्यांचा चेहरा काढला. न विचारता, पानावर बसून चोरून पाहिलेला, आठवणीतून. आणि वर कपाळावर ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. कामासाठी काढल्या म्हणू? नाही. मला त्यांना तसं पाहायचं होतं.

पोस्टर पेठेतल्या भिंतींवर लागलं. चौथ्या दिवशी वहिनी दिरांबरोबर कचेरीत आल्या. पदर कपाळापर्यंत ओढलेला.

"भाऊजी, यांना सांगा," दिरांकडे हात करत त्या मला म्हणाल्या. "मी कधी कुंकू लावून तुमच्यासमोर बसले होते का?"

नाही, बसल्या नव्हत्या, चूक माझी — एवढंच तर म्हणायचं होतं. पण साहेब ऐकत होते. मग यांनाच का काढलंत, असं कुणी विचारलं असतं तर? मी म्हणालो, "चेहरा माझ्या कल्पनेतला आहे. या बाईंचा काही संबंध नाही."

या बाईंचा — दोन वर्षं ज्यांच्या हातचं जेवलो, त्यांचा.

दीर म्हणाले, "म्हणजे आम्हीच आंधळे म्हणायचे." इतकं धडधडीत साम्य मी नाकारलं, तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय, असंच त्यांना वाटणार. त्याच आठवड्यात खानावळ बंद झाली. वहिनींना वाघोलीच्या पुढे कुठल्याशा गावी, लांबच्या नात्यात धाडून दिलं. मी गावाचं नावही विचारलं नाही.

पोस्टर गाजलं. तो चेहरा पुढे कितीतरी वर्षं वह्यांवर, पुस्तकांवर छापला गेला. नव्या देशाची बाई म्हणून लोक तिला ओळखू लागले. मी लग्न केलं नाही, खानावळी बदलत राहिलो. माझ्याच चित्राखालून जाताना मान खाली घालायचो.

एक राहिलं. कचेरीतून निघताना वहिनी पोस्टरसमोर थांबल्या होत्या. "खाली काय लिहिलंय?" त्यांनी मला विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं. मी शाईच्या बाटलीला झाकण लावत राहिलो.

खाली लिहिलं होतं — 'आता मीही वाचणार.'