मोहावरची लाल फुली

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! पण चहा आलाच आहे, तर ऐकाच.

मी शहाद्याच्या एका संस्थेत जंगलाचे नकाशे करतो. तोरणमाळच्या वाटेवरच्या एका पाड्याला आपल्या जंगलाचा आराखडा करायचा होता. मोह कुठे, चारोळी कुठे, काय राखायचं, सरपण कुठून घ्यायचं. उपग्रहाच्या फोटोत सगळं नुसतं हिरवं दिसतं हो! म्हणून झाडापाशी जाऊन मोबाइलवर जागा टिपायची. एकच झाड दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून मी अक्कल लढवली. राखायच्या प्रत्येक मोहावर लाल ऑइलपेंटची ठसठशीत फुली! दुपारपर्यंत तीस झाडं झाली. स्वतःवर काय खूश होतो म्हणून सांगू!

तेवढ्यात गुलीबाई आली. साठीची बाई, हातात विळा. यातले पाच मोह तिच्या घरचे, सासूच्या सासूपासून वेचत आलेले. घराचं अर्धं वर्ष त्या फुलांवर निघतं.

"ही फुली कोणी केली?"

मला वाटलं, कौतुक करतेय. "मी केली!" छाती पुढे. "अजून पलीकडचीपण घेणार आहे."

"सगळी?"

"सगळी! आधी मोठी मोठी घेतो. चार दिवसांत संपवतो!"

बाई मोहाच्या बुंध्याला पाठ लावून बसली. तिच्या हाकेने आणखी बायका आल्या आणि एकेका झाडाखाली बसल्या. मी म्हटलं, वा, काय हा लोकसहभाग! चक्क फोटो काढला!

माझा जोडीदार भटू पाड्यात याद्या लिहीत होता, तो धापा टाकत आला. "अरे येडा, लाल फुली म्हंजे झाड तोडानं शे! आठे समदासले माहीत शे!"

म्हणजे इथे लाल फुली ही तोडायच्या झाडाची खूण, आणि हे सगळ्यांना ठाऊक! गुलीबाईचे भरलेले डोळे मला तेव्हा कुठे दिसले. फार लाज वाटली. हात जोडले. "मावशी, तोडायला नाही, राखायला. घाबरू नका, नुसती मोजणी!"

ती हसली नाही. "मग पूस."

पुसलं! गाडीतलं पेट्रोल फडक्यावर घेऊन, एकेक झाड, पार संध्याकाळपर्यंत. रंगाचा डबा मात्र गाडीपाशीच राहिला होता.

परत येऊन बघतो तर काय? माझ्या नव्याकोऱ्या मोटरसायकलच्या टाकीवर ठसठशीत लाल फुली!

"अहो, ही कोणी केली?"

"मी केली!" गुलीबाईने छाती पुढे काढली. "घाबरू नका साहेब, नुसती मोजणी. चार दिवसांत संपवते!"

बायका हसून हसून लोळल्या. आणि मघाशी 'नुसती मोजणी' समजावणारा मी? भटू सामान आवरून येईपर्यंत गाडीला पाठ लावून बसलो.