लॅपटॉपच्या मापाचा हार

गाड्यांच्या वेळा सांगणारं ॲप करायचं ठरलं तेव्हा आम्ही दोघं सगळ्यात आधी परतवाड्याला गेलो. मेळघाटात जाणाऱ्या जीपगाड्या तिथून सुटतात. माझ्या मित्रानं एका जीपवाल्याला विचारलं, "भाऊ, गाडी किती वाजता निघते?"

"भरली की."

"अन् भरते कवा?"

"लोकं आले की."

मी वैतागलो. असल्या उत्तरावर ॲप कसं उभं करायचं? वेळेच्या रकान्यात आकडा लागतो, तिथं 'लोकं आले की' कसं टाकणार? मी म्हटलं, जीपा सोडून देऊ, नुसत्या एसटीच्या वेळा देऊ. मित्र म्हणाला, "अबे, मेळघाटातल्या माणसाले जीपच लागते. त्याले सोडून कोणासाठी बनवून राह्यला मंग तू?" शेवटी मी खपून त्या रकान्यात अक्षरंही मावतील अशी सोय केली, आणि त्यानं तिथं लिहिलं, 'भरली की निघते. पुढची सीट पाहिजे असन तं ड्रायव्हरशी आधी दोन गोष्टी बोला.'

तो अकोल्याचा, मी अमरावतीचा. म्हणजे अमरावती हे बाहेरच्यांना सांगायला. खरं गाव वलगाव, घरी भाजीपाल्याची शेती. अमरावतीत इंजिनिअरिंगला आम्ही एका बाकावर होतो. वर्गातली झाडून सगळी मंडळी पुण्याला गेली, आम्ही दोघं राहिलो. भेटेल तो विचारायचा, "काहून, नोकरी नाई लागली का?" आम्हाला आमचं स्वतःचं काहीतरी करायचं होतं. हे तेव्हा कोणाला पटत नव्हतं, आणि आता मलाही ते मोठ्यानं म्हणवत नाही.

मित्राच्या वडिलांचं अकोल्यात हारफुलांचं दुकान आहे. मी त्यांना काकाजी म्हणतो. मुलगा नेमकं काय करतो हे त्यांना कधी नीट कळलं नाही, पण लॅपटॉप हे त्याचं अवजार आहे एवढं त्यांनी पक्कं धरलं होतं. त्यांच्याकडे दसऱ्याला सुई, कात्री, वजनकाटा, सगळ्यांची पूजा होते. मित्रानं लॅपटॉप घेतला त्या वर्षापासून तोही त्या पाटावर जाऊन बसला. दसरा म्हणजे फुलवाल्यांचा वर्षातला सगळ्यात धावपळीचा दिवस, दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते. तरी काकाजी त्या गर्दीत मुलाच्या लॅपटॉपसाठी झेंडूचा एक वेगळा हार ओवायचे. उघडलेल्या लॅपटॉपच्या मापाचा. वितेनं पडदा मोजायचे आणि म्हणायचे, "गाडीचा हार याले लोंबते, अन् फोटोचा पुरत नाई." एका वर्षी कुंकू कीबोर्डच्या कळांमध्ये गेलं, आणि त्यानंतर कितीतरी महिने मित्राची बोटं लाल निघायची. मी चिडवायचो की याचा प्रोग्राम सौभाग्यवती आहे.

कामाची वाटणी सरळ होती. प्रोग्राम मी लिहायचा, माहिती त्यानं गोळा करायची. तो गाडीत बसून हिंडायचा. वरूडला संत्र्याच्या ट्रकवाल्यांशी दोस्ती करायचा, फाट्यांवर थांबायचा, कंडक्टरांना चहा पाजायचा. प्रत्येक गाडीखाली तो आपल्या बोलीत एक टीप लिहायचा. 'या फाट्यावर हात जोरात दाखवा, ड्रायव्हर पाहून बी नाई पाह्यल्यासारखं करते.' 'ही गाडी बाजाराच्या दिवशी भरून येते, म्हाताऱ्या माणसाले मागच्या स्टँडवरून बसवा.' मला वाटायचं, ॲपमध्ये असलं शोभत नाही, नीट प्रमाण मराठी पाहिजे. मी तसं म्हणालोही. तो म्हणाला, "प्रमाण मराठीत हात दाखोला तं गाडी थांबन का?"

आणि स्टोअरवर ॲप चढवायचं काम त्याचं. पहिली आवृत्ती त्यानं त्याच्या लॅपटॉपवरून चढवली आणि ती चालली. मेळघाटात बदली झालेल्या एका शिक्षिकेनं लिहिलं की तुमच्यामुळे मी शनिवारी घरी पोचते. एका कंडक्टरनं स्वतःहून चुकलेली वेळ कळवली. आम्ही हरखून गेलो. तेव्हापासून ठरलं की याचा हातगुण चांगला, प्रत्येक नवी आवृत्ती यानंच पाठवायची. मीही हे मानत होतो. इंजिनिअर असून मानत होतो, त्यात मला काही लाज नाही. भाजीची पहिली पाटी कोणाच्या हातात द्यायची हे आमच्या घरीही ठरलेलं असतं.

चांगले दिवस होते असं आता वाटतं. तेव्हा त्यात कटकटच जास्त होती. स्टोअरकडून इंग्रजीत लांबलचक मेल यायचे, त्यात आपलं काय चुकलं ते सोडून बाकी सगळं लिहिलेलं असायचं. दर वर्षी नियम बदलायचे, आणि चालणारं ॲप केवळ नव्या नियमासाठी पुन्हा उकलून शिवावं लागायचं. कोणीतरी आमचं अख्खं ॲप उचललं, त्यात भसाभस जाहिराती घातल्या आणि दुसऱ्या नावानं खपवलं. मित्राच्या टिपासुद्धा जशाच्या तशा. मी संतापानं लाल झालो. तो मात्र खूश. "चोरलं म्हंजे चांगलं असन," म्हणाला. जाहिरातींतून आम्हाला मिळायचं ते आमच्या प्रवासातच जायचं. मी मग बाजूला एका इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागलो. तो दुकानात वडिलांच्या हाताखाली बसून हार ओवता ओवता फोनवर मला गाड्यांच्या बदललेल्या वेळा सांगायचा.

पावसाळा संपत आला होता तेव्हा त्याला ताप आला. डेंग्यू निघाला. मी भेटायला गेलो तर म्हणाला, "वरूडच्या गाड्या बदलल्या बे, मी उठलो की नवीन टाकतो." तो उठला नाही. एवढंच आहे ते, आणि याहून जास्त मला आजही लिहिता येत नाही.

तेरवीला गेलेल्याच्या वापरातल्या वस्तू दान देतात. कपडे, चप्पल, छत्री, अंथरूण. काकाजींनी विचार केला, की या सगळ्यात माझ्या पोराचं खरं अवजार एकच होतं. अवजार कपाटात गंजवत ठेवायचं नाही, ते चालत्या हातात द्यायचं, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. त्यांच्याकडे शेवंती आणून देणाऱ्या बाईंची मुलगी तेव्हा कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला होती आणि मैत्रिणीच्या लॅपटॉपवर अभ्यास करायची. काकाजींनी तिला मुलाचा लॅपटॉप दिला. दान द्यायची वस्तू खरकटी देऊ नये म्हणून आधी मोबाईलच्या दुकानात नेऊन तो पार कोरा करून आणला. बॅगेच्या कप्प्यात पेनड्राइव्ह होता, तोही कोरा केला. मग सगळ्याला हळद-कुंकू लावून तिच्या हातात ठेवलं. मी तिथं होतो, पंगतीत वाढत होतो. दान झालं ते मला कळलं, लॅपटॉप कोरा केल्याचं घरी निघताना कळलं. काकाजींनीच सांगितलं, मोठ्या समाधानानं.

आता हे मला समजावून सांगावं लागेल. स्टोअरवरच्या ॲपची एक किल्ली असते. किल्ली म्हणजे एक छोटीशी फाईल. नव्या आवृत्तीवर त्याच किल्लीची मोहर असेल तरच स्टोअर ती घेतं, नाहीतर परत पाठवतं. पुढे यात सोयी झाल्या, पण आमचं ॲप जुन्या पद्धतीचं होतं. आमची किल्ली मित्राच्या लॅपटॉपमध्ये होती. दुसरी प्रत जपून पेनड्राइव्हवर ठेवली होती. प्रोग्राम सगळा माझ्याकडे होता, पण किल्लीशिवाय त्याचा उपयोग नव्हता.

मेळघाटात नेटवर्क नसतं म्हणून सगळ्या वेळा आम्ही ॲपच्या पोटातच ठेवल्या होत्या. म्हणजे नवी आवृत्ती नाही तर नवी वेळही नाही. गाड्या बदलत गेल्या आणि ॲप त्या पावसाळ्यातच थांबलं. लोकांनी आधी विचारलं, मग शिव्या दिल्या, मग काढून टाकलं. मी नव्या नावानं नवं ॲप करून पाहिलं. ते कोणाला सापडलंच नाही. त्यातही खरं म्हणजे माझा हात चालेना. एका टिपेत लिहिलं होतं, 'टपरीवर उतरा, आलं घातलेला चहा भेटते.' ती टपरी केव्हाच उठली होती. ती ओळ पुसायची म्हटलं तर बोट कळेवर जाईना, आणि नव्या गाडीखाली त्याच्यासारखं काही लिहायला गेलो तर ते नक्कल केल्यासारखं वाटायचं. मी ते ॲप बंद केलं. जुनं ॲप पुढे नव्या नियमात बसत नाही म्हणून स्टोअरनंच काढून टाकलं. ज्यांच्या फोनमध्ये होतं त्यांच्याकडे तेवढं राहिलं. फोन बदलला की तेही जात होतं.

यातलं काहीच मी काकाजींना सांगितलं नाही. काय सांगणार होतो? की तुम्ही मोठ्या मनानं दिलेल्या दानात तुमच्या मुलाचं काम धुऊन गेलं?

गेल्या दसऱ्यानंतर काकाजींचा फोन आला. "बेटा, त्या लॅपटॉपवाल्या पोरीनं मले नवा मोबाईल घेऊन देल्ला. पण याच्यात ते दिसूनच नाई राह्यलं." ते म्हणजे काय हे मला विचारावं लागलं नाही.

मी अकोल्याला गेलो. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. जुन्या फोनच्या काचेला तडे गेले होते, पण तो चालू होता. माझ्याकडे ॲपची जुनी फाईल होती, ती नव्या फोनमध्ये टाकली. फोननं घेतली नाही. हे ॲप जुन्या फोनसाठी बनवलेलं आहे, असं काहीतरी म्हणाला. मी पुन्हा टाकली, पुन्हा तेच. काकाजी शेजारी बसून हार ओवत माझ्या हाताकडे पाहत होते.

"तुमी दोघांनंच बनवलं ना हे?"

"हो काकाजी."

"मंग तुले कावून नाई येत?"

मी फाईल तिसऱ्यांदा टाकून पाहिली. त्यांनी सुई फुलात तशीच ठेवली आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "त्या लॅपटॉपात त्याचं काई राहून गेलं होतं का रे?"

हा प्रश्न त्यांनी किती वर्षं पोटात ठेवला होता कोण जाणे.

"नाई काकाजी. काईच नव्हतं. सारं माह्यापाशी हाय."

"खरं?"

"खरं. फोनच नवा हाय न, म्हून घेत नाई तो."

त्यांनी मान हलवली. सुई पुन्हा चालू लागली. थोड्या वेळानं त्यांचा आवाज मोकळा झाला. "पोरगी हुशार निंगाली. नोकरी लागली तिले. लॅपटॉप अजून तोच वापरते, बदल म्हटलं तं बदलत नाई. दर दसऱ्याले येते अन् हार घेऊन जाते. मी मापाचाच करून ठेवतो. माप आता मोजा बी नाई लागत." आणि त्यांनी हवेत वीत पसरून मला ते माप दाखवलं. अगदी बरोबर होतं.

मी जुना फोन दुरुस्त करून देतो म्हटलं. ते म्हणाले, राहू दे, दिसते तेवढं पुरते. निघताना त्यांनी तोच फुटका फोन काढला, डोळ्यांजवळ धरला आणि अकोला ते अमरावती पाहिलं. "चाल लवकर, तुही गाडी हाय आता."

ती गाडी कधीचीच बंद झाली आहे.

"हो, भेटन गाडी," मी म्हटलं.

"थांब, खाली त्यानं लेहेलं हाय." त्यांनी तड्यांमधून एकेक अक्षर लावत वाचलं, "दुपारून जासान तं डाव्या खिडकीत बसा. ऊन नाई लागत." मग मला म्हणाले, "डाव्या बाजूनं बसजो बेटा."

स्टँडवर जी पहिली गाडी लागली तिच्यात चढलो. अर्धी रिकामीच होती. उजवीकडच्या सगळ्या सीटांवर ऊन पसरलं होतं आणि लोक पडदे ओढत, रुमाल लावत होते. मी डाव्या खिडकीत बसलो. तिथं ऊन लागलं नाही. मूर्तिजापूर येईपर्यंत मी बाहेर तोंड करून रडत होतो.