काळ्या मेंढरांचे कान

तंजावर मुलखात जे जे चांगलं आहे ते मराठ्यांनी आणलं, असं माझ्या मामाचं ठाम मत आहे. सांबार आपलं, बासुंदी आपली, पुरणपोळी तर आपलीच. कुंभकोणमची डिग्री कॉफी तेवढी त्याने मोठ्या मनाने तमिळांना सोडली आहे. बँकेतून तो कधीच निवृत्त झाला, हे मत काही निवृत्त होत नाही. मी पडले जनावरांची डॉक्टर, तेव्हा कधी ना कधी ते माझ्या वाट्याला येणारच होतं.

आमचं कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला घरातले पुरुष काळ्या घोंगडीवर बसून तळी भरतात, म्हणजे पानं, खोबरं आणि हळदीचा भंडार ठेवलेलं ताम्हण सगळे मिळून उचलतात. घोंगडी जन्मजात काळ्या लोकरीची हवी, रंगवलेली चालत नाही. आमची पिढीजात घोंगडी कसरीने खाल्ली. पुण्याच्या नातेवाइकांनी कौतुकाने नवी पाठवली, पण ती पाण्यात बुडवताच बादली शाईची झाली. त्या वर्षी तळी चादरीवर भरली. 

संध्याकाळी मामा मला म्हणाला, "पुढल्या वर्सीं घोंगडी नाहीं तर तळी नाहीं. देवास फसवणें माझ्यानें होत नाहीं."

घराण्यात तळी धरून ठेवणारा तो एकटाच उरला आहे. त्याने सोडली की संपलीच. मी देवाधर्माची फारशी नाही, तरी ते माझ्या मनाला लागलं.

काळी मेंढरं मला ठाऊक होती. कोळ्ळिडम नदीपलीकडच्या कोरड्या माळावर करुंगुरुंबै नावाची जात आहे. तमिळनाडूच्या बहुतेक मेंढरांच्या अंगावर नुसते केस असतात. हिला मात्र लोकर, तीही नखशिखांत काळी. लोकर जाडीभरडी, उन्हाने टोकं तांबूस झालेली. मेंढ्याला शिंगं, मेंढीला नाहीत, आणि शेपूट असून नसल्यासारखं. आता ही लोकर कुणी घेत नाही आणि मटणाला अंगाने मोठी मेंढरं परवडतात, म्हणून कळप विरळ होत चालले आहेत. भात कापून झाला की त्यातले काही आमच्या बाजूला उतरतात. रिकाम्या शेतात मेंढरं बसवली की शेताला खत मिळतं.

मामाला एवढं पुरलं. "काळीं म्हणतेस? मग आपलींच तीं. घोडदळामागून आलीं असतील."

तिरुप्पनंदाळजवळ एक कळप बसलाय असं कळलं, तशी मी मामाला स्कूटरवर मागे बसवून निघाले. वाटेभर तो मेंढरांचा इतिहास सांगत होता. मी पाच वर्षं कॉलेजात शिकले, त्यात यातलं अक्षरही नव्हतं.

कळप एका पन्नाशीच्या बाईचा होता. ती मेंढरांना पाणी दाखवत होती. मामाने नमस्कार केला आणि तमिळमध्ये थेट मुद्द्यालाच हात घातला. "अम्मा, ही मेंढरं आमच्या राजांबरोबर आली."

"नाही अय्या," ती म्हणाली. "ही आमच्याबरोबर आली. वरून, कन्नड मुलखातून, असं आमचे म्हातारे सांगायचे. खरंखोटं कोण जाणे."

मामाने मोबाइल काढला. त्यात पुण्याहून मागवलेला दख्खनी मेंढरांचा फोटो होता. रंग तोच, पण कान लांब आणि लोंबते. समोरच्या मेंढरांचे कान बोटभर, टोकदार, पुढे झुकलेले. मामाने एका मेंढीचा कान हळूच ओढूनही पाहिला. तो काही वाढला नाही.

"तूं डॉक्टरीण नव्हे? तूं सांग."

हो म्हटलं असतं तर घोंगडीचं काम तिथेच झालं असतं. पण देवाला फसवणार नाही म्हणणाऱ्या माणसाला मी कशी फसवू? "मामा, ही आपली नव्हेत," मी म्हटलं. "रंग एक, जात वेगळी. मूळ कुठलं ते कुणालाच नीट माहीत नाही."

परक्या मेंढरांची लोकर देवाखाली घालायला त्याचं मन घेईना. तो बांधावर बसला. चेहरा असा उतरला की मला वाईट वाटलं, आणि त्या कानांचा रागही आला.

आम्ही काळ्या लोकरीसाठी आलो होतो, असं मी बाईला सांगितलं. तिने मामाला विचारलं, "अय्या, लोकर हवी कशाला?"

मामा सांगत गेला. आमचा देव घोड्यावर बसतो, बरोबर कुत्रा असतो, त्याच्यावर हळद उधळतात. पहिली बायको वाण्याची, दुसरी मेंढपाळाची. तिच्यासाठी देवाने सासऱ्याची मेंढरं राखली.

बाईने पाण्याची घागर खाली ठेवली. "मेंढपाळाची? मग तुमचा देव आमचा जावई झाला."

मामा बांधावरून उठून उभा राहिला.

"जावई दारी आला तर आम्ही कांबळं अंथरतो, अय्या. मेंढराचे कान बघत बसत नाही."

मामा हसायला लागला. हसता हसता डोळे पुसू लागला. परतताना त्याने मेंढरांचा इतिहास काढला नाही, देवाच्या सासुरवाडीचा काढला.

बाईचा म्हातारा सासरा अजून कांबळी विणत होता. चंपाषष्ठीच्या सकाळी ती स्वतः बसने घोंगडी घेऊन आली. मामाने ती देवापुढे अंथरली आणि ताम्हण मांडलं. पुढे सरसावलेल्या माझ्या मामेभावांना मात्र त्याने हाताने अडवलं.

"थांबा रे. देवाची सासुरवाडी आली आहे. पहिला मान तीस."

आमच्याकडे बायकांनी तळीला हात लावायची रीत नाही. जन्मभर मी ती दारातून पाहिली. बाई संकोचून माझ्याकडे बघू लागली, एकटी पुढे जाईना. मामाने माझ्याकडे पाहिलं, मग घोंगडीकडे, आणि जरा घुश्शातच म्हणाला, "मग तूंही ये कीं."

आम्ही दोघींनी ताम्हणाला हात लावला. तिला 'येळकोट' नीट म्हणता येईना, मीही ते कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. मामाने आम्हांला ते पुन्हा म्हणायला लावलं.