वंदनाताईंच्या वडिलांची गोष्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, शाळेत तर नाहीच नाही. तुम्ही म्हणाल, इंग्रजीच्या परीक्षेत लपवण्यासारखं असं काय असतं — फार तर कॉपी केली असेल. हो, तसंच काहीसं. पण कॉपी म्हटलं की प्रकरण फार सोपं वाटतं, आणि मी इतकी वर्षं स्वतःची तीच समजूत घालून घालून वैतागले आहे.

गंगाखेडच्या एका खासगी शाळेत मी शिकवते. चार वर्षांपूर्वी संस्थेने फर्मान काढलं — आठवी-नववीचं गणित आणि विज्ञान यापुढे इंग्रजीतून, आणि ते वर्ग ज्यांना हवेत त्यांनी इंग्रजी बोलण्याची वरच्या पातळीची परीक्षा पास व्हायची. मी तेव्हा सहावी-सातवीला शिकवत होते. मला वरचा वर्ग मिळाला असता तर मिळाला असता, नाहीतर माझं काही अडलं नव्हतं. वंदनाताईंचं मात्र अडलं होतं. सोळा वर्षं त्या नववीला विज्ञान शिकवत होत्या. बेडकाचं हृदय फळ्यावर असं काढायच्या की मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी पोरं उठायची नाहीत. नापास झाल्या तर तो वर्ग त्यांच्या हातून जाणार होता.

ही परीक्षा जोडीने द्यायची असते. दोघांनी शेजारी बसायचं, समोर परीक्षक. आधी एकेकाने बोलायचं, मग आपसात चर्चा. म्हणून आम्ही दोघी जोडीदार झालो आणि तीन महिने रोज डबा खाऊन झाला की स्टाफरूममध्ये मोबाइल मधे ठेवून बोलायला बसायला लागलो. परभणीहून ऑनलाइन शिकवणारे एक सर होते. ते म्हणायचे, प्रत्येकाकडे स्वतःची एक खरी गोष्ट पाहिजे, खरं बोलणारा अडखळत नाही. आणि उत्तराची सुरुवात 'टु बी ऑनेस्ट' म्हणून करा, म्हणजे दोन सेकंद विचाराला मिळतात.

ताईंची गोष्ट त्यांच्या वडिलांची होती. चुडाव्याचं शेतकरी घर. वडील मुलींशी थेट बोलायचेच नाहीत, काही सांगायचं असलं तर आईला म्हणायचे, 'त्या पोरीला सांग.' डीएडच्या परीक्षेच्या सकाळी ताई हॉलतिकीट घरी विसरल्या आणि गाडीत बसल्या. चुडाव्याला गाडी थांबते किती, मिनिटभर. गाडी हलली आणि वडील धोतर सावरत फलाटावरून पळत आले. एक चप्पल रुळात गेली. खिडकीतून कागद आत सरकवला आणि ओरडले — 'वंदना, नीट लिही.' त्यांच्या तोंडून स्वतःचं नाव ताईंनी पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा.

आणि नेमकं तिथेच त्या थांबायच्या. रोज. पदर डोळ्यांना, आणि इंग्रजी सगळं गायब. वडील वारून बरीच वर्षं झाली होती, तरी. 'नावापाशी आलं की अडकायलंय बघा,' असं म्हणून ओशाळून हसायच्या. मी वरवर समजूत काढायचे. आतून? आतून माझा पारा चढायचा. ते वाक्य मीच बसवून दिलेलं, क्रियापदं मीच सुधारलेली, ती चप्पल मी शंभर वेळा ऐकलेली — आणि या बाईला एक नाव उच्चारता येऊ नये? घरी येऊन मी भांडी आपटायचे. खरं सांगते, त्या तीन महिन्यांत मला त्यांच्या वडिलांचासुद्धा राग यायला लागला होता.

आता ते सांगते. किती वेळ टाळणार?

परीक्षा नांदेडला होती. यादीत माझं नाव आधी, म्हणून परीक्षक बाईंनी आधी मला विचारलं — तुमच्या घरातल्या एखाद्या माणसाने कधी तुम्हाला अनपेक्षित असं काही केलं, त्याबद्दल बोला. माझी तयार गोष्ट कॉलेजच्या प्राध्यापकांची होती. ती इथे चालेना. घरातलं काही सुचेना. माझे वडील पेठेत दुकानात बसतात, चांगले आहेत, त्यांनी अनपेक्षित असं काय केलंय? मी 'टु बी ऑनेस्ट' म्हटलं. दोन सेकंद मिळाले. त्या दोन सेकंदांत मी घाबरले वगैरे नव्हते, हे लक्षात घ्या. मला स्पष्ट सुचलं — ताईंची गोष्ट तयार आहे. आणि त्याच्या मागोमाग हेही सुचलं, की नाहीतरी या तिथे रडणारच आहेत, वाया घालवणारच आहेत.

मी ती गोष्ट सांगितली. गाव चुडावाच ठेवलं. चप्पल ठेवली. नावापाशी आले तेव्हा आवाजही थोडा खाली आणला, आणि त्या माणसाच्या तोंडी माझं नाव घातलं. 'जयश्री, नीट लिही.' परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. शेजारी ताई बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मग तोच प्रश्न त्यांना. त्या म्हणाल्या, 'माय फादर ऑल्सो... गुड मॅन.' आणि पुढे बोलल्याच नाहीत. चर्चेत मी जे जे म्हणेन त्याला त्या 'आय अ‍ॅग्री' म्हणत राहिल्या.

परतीची गाडी चुडाव्यावरूनच येते. गाडी थांबली, ताई फलाटाच्या बाजूच्या खिडकीत होत्या. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. गाडी हलल्यावर त्यांनी पिशवीतून शेंगा काढल्या, अर्ध्या माझ्या ओंजळीत घातल्या आणि म्हणाल्या, 'तुमचं लय चांगलं झालं, मॅडम.' टोमणा होता का? तसं असतं तर मला किती बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता.

मी पास झाले, त्या नाही. हेडसरांनी मला बोलावून विचारलं, वंदना मॅडमचं काय बिनसलं? मी म्हणाले, 'तयारी कमी पडली, सर.' नववीचं विज्ञान मला मिळालं. ताईंना पाचवीला पाठवलं.

इथे थांबले असते तरी एक वेळ. पण दुसऱ्या वर्षी हेडसर म्हणाले, तुमचं उत्तर लिहून द्या, बाकीच्यांना नमुना होईल. नाही म्हणायला तोंड नव्हतं का? होतं. मी लिहून दिलं. टाइप झालं, झेरॉक्स निघाल्या, संस्थेच्या इतर शाळांतही गेल्या. 'फादर शाउटेड' याच्यापुढे मी टिंबं दिली आणि कंसात लिहिलं — इथे स्वतःचे नाव घालावे. आता दरवर्षी कुणी ना कुणी मास्तर त्या खोलीत बसून सांगतो, की त्याचे वडील चुडाव्याच्या फलाटावर पळाले.

गेल्या वर्षी ताईंनी पुन्हा फॉर्म भरला. सराव घ्यायला मीच, दुसरं कोण? मी सरावाच्या विषयांचं एक कार्ड काढलं — घरातली व्यक्ती. त्या एका काकांबद्दल बोलायला लागल्या. मी मूर्खासारखी म्हणाले, ताई, तुम्हाला काका कुठे आहेत? वडिलांचं सांगा की.

त्या शांतपणे म्हणाल्या, 'न्हाई मॅडम. ते आता समद्यांना पाठ हाय. मी सांगितलं तर म्हणतील, ह्या बाईनं बी झेरॉक्सच पाठ केली.'

मी मान हलवली आणि त्या नसलेल्या काकांची क्रियापदं तपासली. काकांच्या गोष्टीवर त्या पुन्हा नापास झाल्या. आता पुढची दोन वर्षं त्या पाचवीलाच आहेत, मग निवृत्त.

पहिल्यांदा त्यांना मी नापास केलं. दुसऱ्यांदाही मीच.